थायरॉइडच्या रिपोर्टवरचे तीन आकडे आले कुठून?

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांच्या रिपोर्टवर टी-थ्री, टी-फोर (ही दोन्ही थायरॉइडची संप्रेरकं) आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे तिघांचं वजन सारखंच वाटतं. प्रत्यक्षात हे आकडे वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधताना हाती आले. समोर छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा तर गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसांच्या रक्तावरून ठरवलेली असते.

थायरॉइड कमी काम करण्याच्या या आजारात औषध आधी आलं, मोजमाप फार नंतर. 1891 मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. सुजलेली, मंदावलेली ती बाई त्यानंतर 28 वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद मरे यांनीच पुढे केली. डोस बरोबर आहे की नाही, हे ते चेहऱ्याची सूज, त्वचा आणि नाडी बघूनच ठरवत. दुसरा मार्गच नव्हता.

पुढे आली ‘बीएमआर’, म्हणजे विश्रांतीतल्या चयापचयाच्या वेगाची तपासणी. रुग्णाने उपाशीपोटी निपचित पडून यंत्रात श्वास घ्यायचा आणि शरीर किती ऑक्सिजन जाळतं ते मोजायचं. माणूस घाबरला की आकडा वर जाई. मग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजू लागले. त्यातही आयोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलेलं असलं किंवा एक्स-रेसाठी आयोडीनयुक्त रंगद्रव्य टोचलेलं असलं, तर निकाल बिनकामाचा. दरम्यान औषध मात्र पुढे गेलं होतं. एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1914 च्या नाताळात थायरॉक्सिन, म्हणजे आजचा टी-फोर, शुद्ध स्वरूपात वेगळा केला. 1950 च्या दशकात त्याची कृत्रिम गोळी बाजारात आली. गोळी मायक्रोग्रॅममध्ये नेमकी मोजलेली, डोस मात्र अंदाजाने, अशी गंमत बरीच वर्षं चालली.

कलाटणी दिली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये काम करणाऱ्या रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी. किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून रक्तातलं अतिसूक्ष्म संप्रेरक मोजायची त्यांची रीत, म्हणजे ‘आरआयए’, आधी इन्सुलिनसाठी होती. 1965 च्या सुमारास तीच टीएसएचसाठी वापरात आली. यालो यांना 1977 मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

टीएसएच थायरॉइडचा नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा. रक्तात थायरॉक्सिन कमी पडतंय असं तिला वाटलं की ती टीएसएच वाढवते, आणि तीही कशी! फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला मोकळा टी-फोर, निम्म्यावर आला तर टीएसएच साधारण शंभरपट होऊ शकतो. म्हणून डोस ठरवताना डॉक्टर आधी तोच आकडा बघतात. त्याच्या आधाराने तपासलं तेव्हा कळलं, की रोज 200 ते 400 मायक्रोग्रॅम दिली जाणारी गोळी बऱ्याच जणांना जास्त होत होती. डोस 100 ते 150 च्या आसपास उतरले.

तरी एक मोठी उणीव होती. ही पहिली टीएसएच तपासणी वाढलेला आकडा दाखवी, पण कमी आणि नॉर्मल यांतला फरक तिला कळत नसे. डोस थोडा जास्त झाला तरी पत्ता लागत नसे. 1980 च्या दशकात नव्या प्रतिपिंडांच्या तपासण्यांनी हा तळ दिसू लागला. त्याचं महत्त्व 1994 मध्ये ठळक झालं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात साठी ओलांडलेल्या ज्यांचा टीएसएच 0.1 किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं. ‘थोडी जास्त गोळी घेतली तर तरतरी येते’ म्हणणाऱ्यांना डॉक्टर अडवतात, ते यासाठी.

टी-थ्रीची गोष्ट निराळी. 1970 मध्ये ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी दाखवलं, की थायरॉइड अजिबात काम करत नसलेल्या माणसांतही टी-फोरपासून टी-थ्री बनतो. त्यामुळे एकट्या टी-फोरच्या गोळीवर भागतं. मात्र निरोगी ग्रंथी थोडा टी-थ्री थेटही सोडते आणि गोळी घेणाऱ्याला तो मिळत नाही. ती तूट भरून काढायला टी-फोर थोडा जास्त लागतो. म्हणून टीएसएच ठीक असताना फ्री टी-फोर वरच्या टोकाला दिसला, तर लगेच घाबरायचं कारण नाही. टी-थ्री तर डोस जास्त झाला तरी नॉर्मल राहू शकतो. गोळी नीट लागू पडतेय का, हे तो फारसं सांगत नाही. माझ्या मते पॅकेजमध्ये येतो म्हणून आपण तो वाचतो, एवढंच.

या तपासण्यांशी मुंबईचं नातं जुनं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 मध्ये परळला सुरू झालं. आरआयएला किरणोत्सारी आयोडीन लागत असल्याने अणुऊर्जा खातं आणि थायरॉइड यांची गाठ पडणं साहजिकच होतं. वाशीहून ‘ब्रिट’ ही खात्याचीच संस्था आरआयएची किट पुरवू लागली. भाभा केंद्रात नोकरी केलेल्या ए. वेलुमणी यांनी 1996 मध्ये मुंबईत थायरोकेअर ही थायरॉइडच्या तपासण्या करणारी प्रयोगशाळा सुरू केली.

आता वेळेचं गणित. टी-फोर रक्तातून अर्धा व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि पिट्युटरी त्याहूनही सावकाश जुळवून घेते. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबतात. तपासणीच्या आधीचे आठ दिवस गोळ्या नेमाने घेतल्या, पण त्यापूर्वी महिनाभर चुकवल्या, तर फ्री टी-फोर चांगला आणि टीएसएच वाढलेला, असं विचित्र चित्र दिसतं. अनुभवी डॉक्टर ते बघून आधी गोळ्यांबद्दल विचारतात. सकाळी गोळी घेऊन दोन-तीन तासांत रक्त दिलं तर फ्री टी-फोर तात्पुरता चढलेला असतो. त्यामुळे तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घेणं बरं.

केसांसाठीच्या गोळ्यांमधलं बायोटिन हे जीवनसत्त्व म्हणजे अलीकडचं दुखणं. आजच्या अनेक यंत्रांची रसायनंच बायोटिनवर चालतात, त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-फोर खोटा जास्त दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत थायरॉक्सिन वाहून नेणारं प्रथिन वाढतं. मग एकूण टी-फोर फुगलेला दिसतो आणि प्रत्यक्षात थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो.

आणि पिट्युटरीच आजारी असेल, तर टीएसएचच्या आकड्याला अर्थ उरत नाही. तिथे फ्री टी-फोरवरच डोस ठरतो. थायरॉइडच्या कर्करोगानंतर काही रुग्णांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवलेला असतो, त्यांच्या रिपोर्टवर ‘लो’ छापलेलं असलं तरी डोस तोच राहतो.