लहान मुलांना इतिहास कळत नाही?

‘दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलांना काळच कळत नाही, तोवर गोष्टी सांगा, खरा इतिहास नंतर.’ हे इतक्यांदा ऐकलंय की ते शास्त्रच वाटू लागतं. पण ते अर्धवट आहे.

याचं मूळ स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मांडलेल्या, मुलांचा विचार कसा वाढत जातो त्याच्या टप्प्यांत. अमूर्त विचार साधारण अकराव्या वर्षानंतर येतो, असं त्यांचं म्हणणं. 1960 च्या दशकात ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी हेच टप्पे इतिहासाला लावले आणि निष्कर्ष निघाला, की इतिहासातला तर्क त्याहूनही उशिरा जमतो.

पुढे 1990 च्या दशकात बार्टन आणि लेव्हस्टिक या अमेरिकी संशोधकांनी मुलांसमोर सनावळी न ठेवता वेगवेगळ्या काळांची चित्रं ठेवली. अगदी लहानांनीही कपडे आणि वाहनं बघून जुनं कुठलं, नवं कुठलं, हे बऱ्यापैकी ओळखलं. अडलं ते आकड्यांपाशी: 1850 म्हणजे नेमकं किती मागे, हे त्यांना सांगता येईना. (खरं सांगायचं तर आपल्यालाही पटकन सांगता येत नाही.)

म्हणजे काळाची जाण वेगळी, सनाची जाण वेगळी. दुसरी उशिरा येते म्हणून पहिलीला कुलूप लावायचं कारण नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच वर्षांच्या मुलांनाही इतिहास आहे.

वर्गात एक जुना कंदील ठेवून बघा. काजळी कुठे साचलीय, कडी कशाने झिजली, हे मुलं आपणहून विचारतात. पुराव्यावरून अंदाज बांधणं म्हणतात ते हेच.