एनएसएसची पोरं वेगळी, कृषिदूत वेगळे

गावात कॉलेजची पोरं दिसली की आपल्याकडे सरळ म्हणतात "कॅम्पवाली आली", मग ती कोणीही असोत. आणि मग एनएसएसवाल्यांना कपाशीवरच्या किडीबद्दल विचारलं जातं आणि कृषिदूतांना गटार साफ करायला सांगितलं जातं.

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेली. त्यात आर्ट्स, कॉमर्स, इंजिनिअरिंग, कुठलीही पोरं असतात, वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास भरायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबीर. म्हणजे हात भरपूर, पण शेतीतलं कळेलच असं नाही.

कृषिदूत (मुली असतील तर कृषिकन्या) येतात ते रावेमधून, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम. हा बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रमच आहे, सेवा वगैरे नाही, मार्क असतात त्याला. गोंधळ वाढतो तो यामुळे की कृषी कॉलेजातही एनएसएस असतंच.

आता रावेचं खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी बॅनर धरला, फोटो काढला, सरपंचांची सही घेतली, झालं. पेरणी उरकल्यावर सोयाबीनच्या उगवण चाचणीचं प्रात्यक्षिक बघून काय करणार शेतकरी? १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभरानं किती उगवल्या ते मोजायचं, मस्त गोष्ट आहे, पण जूनच्या आधी! पोरं उशिरा आली तर त्यांना उभ्या पिकातलं काम सांगा, म्हणजे कामगंध सापळे (वासानं किडीचे नर पतंग ओढून पकडणारे) कुठे लावायचे, किंवा किडीवर फवारायचा ५ टक्के निंबोळी अर्क, ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळून १०० लिटर करायचं. आपल्या बांधावर, आपल्यासमोर करायला लावा, नुसतं पोस्टर नको.

एनएसएसकडून मागायचं ते अंगमेहनतीचं काम. वनराई बंधारा घ्या, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवायचा कच्चा बांध, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती आणि वीस-तीस जणांची साखळी, एवढंच लागतं. फक्त शिबिरं बहुतेक हिवाळ्यात होतात आणि तोवर ओढ्याचं पाणी निघून गेलेलं असतं, म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्यांना (कॉलेजात एनएसएस बघणारे प्राध्यापक) आधीच गाठून सांगा, सर, पाऊस थांबला की एक रविवार द्या, ते तासही त्या १२० मध्येच धरता येतात.

शाळेच्या परसबागेला मात्र दोघंही लागतात, कृषिदूतांकडून वाफ्यांची आखणी आणि कुठल्या महिन्यात काय लावायचं ते लिहून घ्यायचं, खोदकाम आणि कुंपण एनएसएसकडे. मेथी-पालक पोषण आहाराच्या खिचडीत जातो, पोरं आवडीनं खातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार ते तेवढं हेडमास्तरांशी आधी बोलून ठेवा.