कोच गेला की घालवला? बायआउटचा घोळ एकदाचा निस्तरू या

2023 चं लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला, रविवारी आलं होतं. आम्ही डॅलसच्या एका उपनगरात. सकाळचे अकरा वाजलेले, चौरंग मांडून झालेला, इंडियन स्टोअरमधून आणलेल्या बत्ताशांचं पाकीट कात्रीने उघडायचं चाललेलं, आणि मेहुण्याचा फोन सारखा वाजतोय. मेहुणा कॉलेज स्टेशनला शिकलेला, म्हणजे टेक्सास ए अँड एमचा. त्या दिवशी त्याच्या विद्यापीठाने फुटबॉलचा हेड कोच जिम्बो फिशरला काढून टाकलं होतं. आदल्याच दिवशी संघाने मिसिसिपी स्टेटला 51-10 असं धुतलं होतं, तरीही. बायआउट, म्हणजे करार मध्येच मोडला की द्यायचे पैसे, 7 कोटी 60 लाख डॉलरच्या वर. तेव्हाच्या भावाने सव्वासहाशे कोटी रुपयांहून जास्त.

पुण्यात तेव्हा रात्र. तिकडचं पूजन आटोपलेलं, आतेभाऊ व्हिडिओ कॉलवर. आकडा ऐकून तो म्हणाला, "अरे बापरे. एवढा दंड भरणार कुठून बिचारा?"

मेहुण्याने हातातली करंजी खाली ठेवली. दंड कोच भरणार नव्हता, त्यालाच मिळणार होते पैसे. त्या लक्ष्मीपूजनाला टेक्सासात लक्ष्मी कोणाच्या दारात आली, हे सांगायला नको.

आतेभावाला हसण्यात अर्थ नाही. दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबर आला, कुठल्या तरी विद्यापीठाने नवा हेड कोच आणला, की इथे पंधरा-पंधरा वर्षं राहिलेली आपली माणसंही हाच घोळ घालतात. "त्याचा बायआउट फार मोठा आहे म्हणून त्याला कोणी नेणार नाही." "बायआउट फार मोठा आहे म्हणून त्याला कोणी काढणार नाही." ही दोन्ही वाक्यं मी एकाच माणसाच्या तोंडून एकाच जेवणात ऐकली आहेत, आणि दोन्ही वेळा तो एकच आकडा सांगत होता.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत, ते उरकून टाकतो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला. कॉलेजचा कोच आणि व्यावसायिक एनएफएलचा कोच वेगळे. कोचची नेमणूक प्राध्यापक करत नाहीत, विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचा प्रमुख, करतो. झालं. यात अडकण्यासारखं काही नाही.

अडकतो तो एका शब्दात. बायआउट हा एकच शब्द दोन उलट्या व्यवहारांना वापरतात. कोच स्वतः उठून गेला तर एक, त्याला घालवला तर दुसरा. मराठीत 'गेला' आणि 'घालवला' यांत कोणी चुकत नाही, पण इंग्रजी शब्द आला की कान बंद होतात.

पहिला प्रकार तुम्हाला पाठ आहे, कारण तो तुम्ही भोगलाय. नोटीस पिरियडचा बायआउट. मी पुण्यातली एक कंपनी सोडली तेव्हा नोटीस तीन महिन्यांची, नव्या कंपनीला मी महिनाभरात हवा. उरलेल्या साठ दिवसांचा बेसिक जुन्यांनी फुल अँड फायनलमधून कापला, नव्यांनी तो 'जॉइनिंग बोनस' म्हणून दिला आणि त्यावर टॅक्स कापला. म्हणजे भरले त्यांनी, पण चाट थोडी मलाही बसलीच. (रिलीव्हिंग लेटरसाठी एचआरला सतरा मेल केले, ते वेगळंच.) कोच दुसऱ्या विद्यापीठात पळतो तेव्हा नेमकं हेच होतं. करार मध्येच मोडला म्हणून जुन्या विद्यापीठाला पैसे द्यायचे. कागदावर देणेकरी कोच, प्रत्यक्षात बहुधा नवं विद्यापीठ भरतं. इतकंच.

आता रिच रॉड्रिगेझ. हा घोळ समजून घ्यायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. डिसेंबर 2007 मध्ये तो वेस्ट व्हर्जिनिया सोडून मिशिगनला गेला. करारात सोडून जाण्याचा बायआउट 40 लाख डॉलर. तो म्हणे देणार नाही, वेस्ट व्हर्जिनिया कोर्टात. 2008 च्या जुलैमध्ये तडजोड झाली: 25 लाख मिशिगनने भरायचे, 15 लाख त्याने स्वतः. पुढे मिशिगनमध्ये त्याचं काही जमलं नाही आणि जानेवारी 2011 मध्ये त्यांनी त्याला काढलं. काढण्याचा बायआउट? 25 लाख डॉलर. तेही मिशिगननेच भरले, फक्त या वेळी थेट त्याला.

माणूस तोच, विद्यापीठ तेच, रक्कम तीच, शब्दही तोच. पण पहिले 25 लाख त्याला आणायला जुन्या मालकाला दिले आणि दुसरे त्याला घालवायला त्याला स्वतःला दिले. आणि मिशिगनने तीन वर्षांत दोन्ही केलं. (आता 2024 च्या डिसेंबरपासून रॉड्रिगेझ पुन्हा वेस्ट व्हर्जिनियाचाच कोच आहे. भांडून वेगळे झालेले भाऊ गणपतीला एकत्र येतात, तसं.)

घालवण्याचा बायआउट आपल्या डोक्यात शिरत नाही, कारण आपल्या नोकऱ्यांत तो नसतोच. आपल्याला काढलं तर दोन-तीन महिन्यांचा पगार, एक मेल आणि लॅपटॉप परत करायची लिंक. इथे मोठ्या हेड कोचचा करार दहा-दहा वर्षांचाही असतो आणि त्यातला मोठा हिस्सा हमीचा. तुम्ही मला तिसऱ्या वर्षी काढा, सातव्या वर्षी काढा; उरलेल्या वर्षांचे पैसे, किंवा त्यातली ठरलेली टक्केवारी, मला द्यायचीच.

विद्यापीठं असं का लिहून देतात? मूर्ख आहेत म्हणून, असं मेहुणा म्हणतो. अगदी तसं नाही. संघासाठी खेळाडू मिळवायला सतरा वर्षांच्या पोराच्या घरी कोच जातो, सोफ्यावर बसतो आणि त्याच्या आईला सांगतो, तुमचा मुलगा चार वर्षं माझ्या हाताखाली राहील. कराराची दोनच वर्षं उरली असतील तर शेजारचं विद्यापीठ त्याच सोफ्यावर बसून तेवढंच सांगतं: याची दोनच वर्षं उरलीत. म्हणून करार सतत लांबवत राहायचा. त्यात एखादा हंगाम चांगला गेला की दुसरीकडच्या मागणीच्या अफवा उठतात, एजंट हसत बसतो, आणि आणखी चार वर्षं वाढतात. फिशर 2017 च्या अखेरीस आला तो दहा वर्षांच्या, साडेसात कोटी डॉलरच्या करारावर. तो करारच तेव्हा डोळे फिरवणारा होता. 2020 चा हंगाम 9-1 (नऊ विजय, एक पराभव) असा गेला, लगेच 2021 मध्ये करार 2031 पर्यंत ताणला. त्यानंतरचं वर्ष 8-4, पुढचं 5-7. म्हणजे 2023 च्या त्या रविवारी त्याला काढताना विद्यापीठ एका चांगल्या हंगामाचं बिल फेडत होतं.

आता खरी मेख. वर्तमानपत्रात छापलेला आकडा आणि खरंच दिलेला आकडा सारखे असतीलच असं नाही, आणि ते ठरवणारी दोन कलमं कोणी वाचत नाही.

एक म्हणजे वजावट, ज्याला ऑफसेट म्हणतात. काढलेल्या कोचला दुसरीकडे नोकरी लागली, तर तिथला पगार जुन्या विद्यापीठाच्या देण्यातून वजा. दुसरं मिटिगेशन: नुसतं घरी बसून पैसे घ्यायचे नाहीत, दुसरी नोकरी प्रामाणिकपणे शोधायची. ही दोन्ही असतील तर बायआउट उन्हातल्या बर्फासारखा वितळतो. नसतील तर दगडासारखा तसाच राहतो.

फिशरच्या करारात दोन्ही नव्हती. साठ दिवसांत 1 कोटी 92 लाख डॉलर, मग 2031 पर्यंत दर वर्षी 72 लाख. दुसरीकडे कामाला लागला तरी एक डॉलर कमी नाही.

याच्या शेजारी जेम्स फ्रँकलिन ठेवा. पेन स्टेटने त्याला 12 ऑक्टोबर 2025 ला काढलं, सलग तीन पराभवांनंतर. सगळीकडे आकडा झळकला सुमारे 4 कोटी 90 लाख डॉलरचा, आणि लोक लगेच "फिशरनंतरचा नंबर" वगैरे बोलायला लागले. पण त्याच्या करारात वजावट होती. नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनिया टेकने त्याला हेड कोच केलं आणि पेन स्टेटचं देणं 90 लाखांवर मिटलं. चार कोटी डॉलर हवेत विरले. ज्यांनी 4 कोटी 90 लाखांवर तावातावाने चर्चा केली होती, त्यांच्यापैकी कोणी नंतर 90 लाखांचा उल्लेख केलेला मी ऐकला नाही.

मिटिगेशनवरून भांडणंही होतात. आर्कान्सॉने 2017 मध्ये ब्रेट बिलेमाला काढलं. त्याचे पैसे विद्यापीठाची देणगीदार संस्था, रेझरबॅक फाउंडेशन, देत होती. बिलेमा एनएफएलमध्ये न्यू इंग्लंड पॅट्रियट्सकडे कामाला लागला. फाउंडेशनने हप्ते थांबवले. म्हणणं असं, की याने मुद्दाम कमी पगाराचं काम धरलं, मोठी नोकरी मनापासून शोधलीच नाही. त्याने 2020 मध्ये दावा लावला, त्यांनी उलटा लावला, शेवटी आपसात मिटलं. नोकरी 'मनापासून' शोधणं म्हणजे काय, हे कोर्टात सिद्ध करायची वेळ येते, एवढं हे कलम नाजूक. माझ्या मते वजावट नसलेला करार ज्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने सही करून दिला, त्याची सही फ्रेम करून पुढच्याच्या टेबलावर ठेवावी.

'सकारण' काढलं, तर मात्र सगळंच बदलतं. गैरवर्तन किंवा कराराचा भंग असेल तर विद्यापीठ म्हणतं, एक पैसा देणार नाही. मिशिगन स्टेटने 2023 च्या सप्टेंबरमध्ये मेल टकरला असंच काढलं, करारातले सुमारे 8 कोटी डॉलर उरले असताना, आणि प्रकरण कोर्टात गेलं. पण सामने हरणं हे 'कारण' धरत नाहीत. हे आपल्या लोकांना अजिबात पटत नाही. "कामच नीट केलं नाही तर पैसे कसले?" असं माझे सासरे दर वेळी विचारतात. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, याची मला गंमत वाटते.

आणखी एक चीड येणारी गोष्ट म्हणजे लोकांचं हे ऐकवणं: "म्हणूनच तुमच्या पोरांच्या फिया एवढ्या." ए अँड एमने तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की पैसे अ‍ॅथलेटिक विभाग आणि ट्वेल्थ मॅन फाउंडेशन या देणगीदारांच्या संस्थेकडून येतील. टीका करायचीच तर त्या देणग्यांवर करा. ज्यांनी तेलाचे पैसे या हौसेत ओतले त्यांच्यावर करा. फीच्या पावतीत फिशर शोधू नका.

2025 च्या 25 ऑक्टोबरला, भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, ए अँड एमने लुइझियानात जाऊन एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाला, 49-25 असं हरवलं. फिशरच्या जागी आणलेला माइक एल्को आता कोच. दुसऱ्या दिवशी एलएसयूने त्यांचा हेड कोच ब्रायन केली याला काढलं. बायआउट सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर. काही दिवसांनी त्यांचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर स्कॉट वुडवर्डही गेला. हा तोच वुडवर्ड, ज्याने 2017 मध्ये ए अँड एमला असताना फिशरला आणलं होतं. मेहुणा तीन दिवस नुसता हसत होता.

आतेभावाचा फोन आलाच. या वेळी मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "गेला की घालवला?"

"घालवला."

"वजावट?"

"आहे. आणि नोकरीही शोधावी लागणार."

"मग आकडा आत्ता सांगू नकोस," तो म्हणाला, "दुसरी नोकरी लागली की सांग." आणि चकल्या पोचल्या का, ते विचारायला लागला.