वनस्पतींमधली वेगळी पॉलिअमाइन्स : ओळख पटायला इतका उशीर का लागला?

पॉलिअमाइन्स म्हणजे दोन किंवा अधिक नायट्रोजनयुक्त अमिनो गट असलेले, सजीवांच्या पेशींत आढळणारे छोटे रेणू. पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन ही त्यांतली नेहमीची. त्यांतल्या स्पर्मिनचे स्फटिक डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेव्हेनहूकने १७व्या शतकातच वीर्यात पाहिले होते. रचना उलगडली ती थेट १९२०च्या दशकात. यांच्यापलीकडचं काही वनस्पतींत असेल, असं कुणाला फारसं वाटत नव्हतं.

१९७१ मध्ये चंदनाच्या पानांत होमोस्पर्मिडिन हे वेगळं पॉलिअमाइन सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे त्याच दशकात जपानी संशोधक ताइरो ओशिमा यांना उष्ण पाण्यात वाढणाऱ्या थर्मस थर्मोफिलस या जिवाणूत नॉरस्पर्मिन आणि थर्मोस्पर्मिन मिळालं. साहजिकच ही संयुगं अशा जिवाणूंची खासियत मानली गेली. १९८९ मध्ये लसूणघासात नॉरस्पर्मिडिन आणि नॉरस्पर्मिन आढळल्यावर या समजाला धक्का बसला.

ती बनत कशी असावीत? एक मार्ग असा मांडला गेला : पॉलिअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) स्पर्मिडिन तोडतं, तेव्हा डायअमिनोप्रोपेन उरतं. त्याला एक अमिनोप्रोपिल गट (तीन कार्बन आणि एक नायट्रोजन असलेला तुकडा) जोडला की नॉरस्पर्मिडिन, आणखी एक जोडला की नॉरस्पर्मिन. म्हणजे मोडतोडीतून उरलेला तुकडाच इथे कच्चा माल. होमोस्पर्मिडिनची गोष्ट निराळी. ते बनवणारं विकर एका मूलभूत प्रथिनावर काम करणाऱ्या डीऑक्सिहायपुसिन सिंथेजपासून उत्क्रांत झाल्याचं ओबर आणि हार्टमन यांनी १९९९ मध्ये सेनेसिओ या वनस्पतीत दाखवलं. पायरोलिझिडिन अल्कलॉइड या विषारी संरक्षक द्रव्यांची सुरुवात होमोस्पर्मिडिनपासूनच होते.

सर्वांत मोठी फसगत मात्र थर्मोस्पर्मिनने केली. त्याचं रेणुसूत्र आणि वस्तुमान स्पर्मिनइतकंच. स्पर्मिनमध्ये नायट्रोजनांमधले कार्बन ३-४-३ असे, थर्मोस्पर्मिनमध्ये ३-३-४. स्पर्मिडिनच्या कोणत्या टोकाला नवा गट जोडला, एवढाच काय तो फरक. मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या नेहमीच्या क्रोमॅटोग्राफीत दोन्ही सहज एकच वाटतात. त्यामुळे अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपातलं एसीएल५ हे जनुक २००० मध्ये स्पर्मिन सिंथेजचं, म्हणजे स्पर्मिन बनवणाऱ्या विकराचं, म्हणून नोंदलं गेलं. ते बिघडलं की रोप खुजं राहतं, म्हणून देठाची वाढ स्पर्मिनवर अवलंबून असावी, असा तर्कही झाला. पण स्पर्मिन बनवणारं खरं जनुक बंद पाडलं, तरी रोप व्यवस्थित वाढायचं. हे कोडं २००७ मध्ये सुटलं : एसीएल५चं विकर थर्मोस्पर्मिन बनवतं. पुढच्याच वर्षी खुज्या रोपांना बाहेरून थर्मोस्पर्मिन दिल्यावर त्यांचे देठ काही प्रमाणात लांबले. स्पर्मिनने ते साधलं नाही.