हैदराबाद स्टेट बँक

निजामाच्या राज्यात सरकारी बँक म्हणून 1941 साली स्थापन झालेली ही बँक मराठवाड्यात ‘हैदराबाद बँक’ या सुटसुटीत नावाने ओळखली जात असे. तिचे पहिले कार्यालय 5 एप्रिल 1942 रोजी हैदराबादेतील गनफाउंड्री भागात उघडले. रेमंड या फ्रेंच सेनानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला होता व त्यावरूनच त्या भागाला हे नाव पडले.

संस्थानाचे स्वतंत्र चलन सांभाळणे हे बँकेचे एक मुख्य काम होते. हे चलन म्हणजे ‘हाली सिक्का’. हाली रुपयावर चारमिनार कोरलेला असे आणि त्याच्या मधल्या कमानीत शेवटचा निजाम उस्मान अली खानाच्या नावातले आद्याक्षर ‘ऐन’ असे. ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयास ‘कलदार’ म्हणत. 100 रुपये कलदारासाठी 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत, त्यामुळे सरहद्दीपलीकडे मालाची ने-आण करणाऱ्या मराठवाड्यातील व्यापाऱ्याला प्रत्येक सौद्यात हे गणित मांडावेच लागे.

मराठवाड्याच्या स्मरणात ही बँक राहिली ती मुख्यतः नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या शाखेमुळे. उमरी हे नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गाव. 30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सशस्त्र स्वयंसेवकांनी येथील बँकेवर हल्ला करून लाखो रुपयांची रक्कम लढ्यासाठी ताब्यात घेतली. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. या घटनेस सर्रास ‘उमरी बँक लूट’ म्हटले जाते. परंतु निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांना तोंड देणाऱ्या चळवळीने राजसत्तेच्या तिजोरीवर केलेला तो घाला होता, आणि ‘लूट’ या शब्दाने त्याला न्याय मिळत नाही.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतीय संघराज्याच्या ताब्यात आले; पुढे हाली सिक्काही टप्प्याटप्प्याने चलनातून गेला. 22 ऑक्टोबर 1956 रोजी बँक रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होऊन ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली. त्यानंतर अवघ्या 10 दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाले. राज्य बदलले, तरी गावोगावच्या शाखांवरील पाट्यांवर हैदराबादचे नाव आणखी 60 वर्षे टिकले. 1959 मध्ये ती भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी बनली आणि 1 एप्रिल 2017 रोजी तिच्यात विलीन झाली.