पटल कितीही सुधारले तरी पाणी इंधन होत नाही

‘फ्युएल सेलमध्ये नॅनो पदार्थाचे पटल बसवले की गाडी नुसत्या पाण्यावर धावते’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज बनवणारे उपकरण, आणि पटल म्हणजे त्यातला पातळ पडदा. अशा गाडीच्या नळीतून खरोखरच पाणी ठिबकताना दिसते, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र ते पाणी टाकीतल्या हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार झालेले असते, म्हणजे चुलीतल्या राखेसारखे, ज्यातील ऊर्जा आधीच निघून गेली आहे.

पटलाचे काम वेगळे आहे. नॅफिऑनसारखे पॉलिमर प्रोटॉनला पलीकडे जाऊ देते आणि इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घ्यायला लावते. आपल्याला मिळते ती वीज याच वळशातली. प्रोटॉनच्या वाटेला ओलावा लागतो, आणि तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की पटल सुकून वहन मंदावते. सिलिका किंवा ग्राफीन ऑक्साइडचे नॅनोकण ओलावा धरून ठेवतात, म्हणून ते मिसळतात. तेही बेतानेच, कारण प्रमाण वाढले की कणांच्या गुठळ्या होतात आणि पटल ठिसूळ बनते.

पडताळा साध्या हिशेबाने घेता येतो. पाण्यातून 1 किलो हायड्रोजन काढायला प्रत्यक्षात साधारण 50 युनिट किंवा त्याहून थोडी अधिक वीज लागते. तोच हायड्रोजन फ्युएल सेलमध्ये वापरला, तर 15 ते 20 युनिट परत मिळतात. चांगल्या पटलाने ही तूट कमी होते, व्यवहार नफ्यात मात्र जात नाही. असा व्हिडिओ आला, तर हायड्रोजनची टाकी कुठे आहे, किंवा पाण्यात ॲल्युमिनियमसारखा धातू टाकला आहे का, एवढे आधी पाहावे; खरे इंधन तेच असते.