लॅपटॉपच्या पोटातला माठ

“काका, ९२ अंश! पाणी उकळायला आठच कमी!” मे महिन्यातल्या भर दुपारी चाळीतला शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन धावत आला. व्हिडिओ एडिट करताना त्याने तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि आकडा बघून घाबरला. थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवू का, असं विचारत होता. मी आधी तेच थांबवलं. मुंबईत मे महिन्यात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी धरतं, तसं ते मदरबोर्डवरही धरेल.

९२ हा आकडा तापासारखा वाचायचा नाही. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या ९५ ते १०५. काही काम नसताना ४० ते ५५ आणि जड काम करताना ८० ते ९५ हे नेहमीचंच. मर्यादा गाठली की चिप आपला वेग आपणच कमी करते, तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं. उष्णतेची खरी झळ बसते ती बॅटरीला, ती लवकर म्हातारी होते.

पण मला सांगायचंय ते हीट पाइपबद्दल. पंख्याचा वारा थेट चिपवर येत नाही. चिपची उष्णता कडेच्या जाळीपर्यंत नेते एक चपटी तांब्याची नळी. आत हवा नाही, फक्त थोडं शुद्ध पाणी आणि त्याची वाफ. हवा काढल्यामुळे दाब इतका कमी असतो, की पाणी ५० अंशांनाही उकळतं. त्यासाठी दाब वातावरणाच्या साधारण आठवा हिस्सा लागतो. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, जाळीकडे जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, परत येतं. ना पंप, ना वीज. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ जूल लागतात, त्याची वाफ करायला मात्र सुमारे २,४००. म्हणून ३० वॅट उष्णता वाहून न्यायला मिनिटाला पाऊण ग्रॅम पाणी पुरतं! १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी स्वतंत्रपणे शोधली आणि तिला हीट पाइप हे नाव दिलं.

हे माठाचंच तत्त्व. मुंबईच्या दमट हवेत माठातलं पाणी नागपूरइतकं गार होत नाही, कारण पाझरलेलं पाणी चटकन उडत नाही. हीट पाइप बंदिस्त असल्याने तिला दमटपणाची बाधा नाही. खोलीच्या तापमानाची आहे. ओहमचा नियम आठवा, व्होल्टेज भागिले विद्युतप्रवाह म्हणजे रोध. इथे विद्युतप्रवाहाच्या जागी वॅट, व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक. खोलीत ३४ अंश, चिप ९२, फरक ५८. त्याला ३० वॅटने भागलं की औष्णिक रोध, म्हणजे उष्णतेच्या वाटेतला अडथळा, वॅटमागे १.९ अंश. खोली २८ अंशांवर आली, तर तेच काम करताना चिपही सहा अंशांनी उतरेल. पंखा कितीही फिरला तरी चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

‘उष्णता आणि रेडिएशन शोषणारे’ स्टिकर विकले जातात, ते घेऊ नका. शोषलेली उष्णता पुढे जाणार कुठे, याचं उत्तर त्या पाकिटावर नसतं. आणि झरोक्यावर चिकटवलात, तर हवेची वाटच बंद.

मुलाचा लॅपटॉप उलटा केला. गादीवर ठेवून काम करायची सवय, त्यामुळे जाळीत कापसाचा थर बसला होता. बंद करून, ब्रशने साफ करून टेबलावर ठेवला. तोच व्हिडिओ, तोच उकाडा, आकडा ८३. म्हणजे रोध आता वॅटमागे १.६ अंश.